गोवरची लस जन्मभर पुरते, मग फ्लूची वर्षभरच का?

प्रश्न असा आलाय की लहानपणी गोवरचे दोन डोस झाले की पुढं जन्मभर बघायला लागत नाही, मग फ्लूची लस दरवर्षी का, कोविडची तर काही महिन्यांतच उतरते म्हणतात, धनुर्वाताची दर दहा वर्षांनी घ्या म्हणतात, तर एकदा टोचली की विषय संपला अशी लस शास्त्रज्ञांना जमत नाही का कंपन्यांना परवडत नाही? आणि शेवटी लिहिलंय की मी लॅब टेक्निशियनचं शिकतोय, हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी टेस्ट केली तर आकडा १० च्या खाली आला, म्हणजे माझी लहानपणची लस वाया गेली का?

मी संसर्गजन्य आजारांचा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यातली पहिली काही वर्षं लॅबमध्ये प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनात गेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे आणि उत्तर जरा लांबेल. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, लस म्हणजे टाकीत भरलेलं पाणी नाही की हळूहळू संपत जातं आणि मग परत भरायची. लसीतला माल तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत शरीरातून निघून जातो. उरतं ते शरीरानं स्वतः उभं केलेलं. आणि ते काय उभं केलं, कुठं केलं, आणि समोरचा जंतू किती वेळ देतो यावर टिकणं ठरतं.

गोष्ट १८४६ पासून सुरू करतो. उत्तर अटलांटिकमध्ये फॅरो बेटं आहेत, तिथं त्या वर्षी कोपनहेगनहून आलेल्या एका माणसाबरोबर गोवर पोचला. लोकसंख्या ७,७८२, त्यातले ६,००० च्या वर लोक काही महिन्यांत आजारी पडले, लहान मोठे सगळेच, कारण तिथं त्याआधी गोवर आला होता तो थेट १७८१ साली. डेन्मार्क सरकारनं पीटर पॅनम नावाचा एक तरुण डॉक्टर पाठवला. हा माणूस बेटाबेटावर, घराघरात फिरला, कोण कधी कोणाला भेटलं, पुरळ कधी आलं हे विचारत गेला, आणि त्यानं दोन गोष्टी लिहून ठेवल्या ज्या आजही आम्ही शिकवतो. एक म्हणजे संपर्क झाल्यापासून पुरळ यायला तेरा-चौदा दिवस लागतात. दुसरी म्हणजे १७८१ साली ज्यांना गोवर झाला होता असे जे म्हातारे त्याला भेटले, त्यातल्या एकालाही परत झाला नाही. पासष्ट वर्षं झाली होती! आणि मधे बेटावर गोवरच नव्हता, म्हणजे अधूनमधून व्हायरस भेटत राहिला म्हणून प्रतिकारशक्ती ताजी राहिली असंही म्हणता येत नाही. शरीरानं ते पासष्ट वर्षं स्वतःच धरून ठेवलं.

आता हे धरून कसं ठेवतं? कारण रक्तातली आयजीजी प्रकारची अँटीबॉडी घेतली तर तिचं आयुष्य अगदी थोडं, साधारण तीन आठवड्यांत निम्मी संपते. या हिशोबानं वर्षभरात काहीच उरायला नको. पण उरते, म्हणजे कुठंतरी कोणीतरी रोज नवीन बनवतंय. बनवणाऱ्या त्या पेशींना प्लाझ्मा सेल म्हणतात आणि त्यातल्या दीर्घायुषी बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात राहतात.

मी ही पेशी पहिल्यांदा बघितली ती अजून डोळ्यासमोर आहे. मॅरोची काच रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवली की बाकीच्या गर्दीत ही लगेच ओळखू येते, अंडाकृती, गडद निळी, तिचं केंद्रक मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं, आणि त्या केंद्रकात घड्याळाच्या तबकडीवर आकडे असावेत तसे कडेकडेनं गडद ठिपके. केंद्रकाच्या शेजारी एक फिकट डाग दिसतो, तिथं तयार अँटीबॉडीचं पॅकिंग चालतं. तो निळा रंग म्हणजे आतली प्रोटीन बनवायची यंत्रणा, ती एवढी ठासून भरलेली असते की दुसऱ्या कशाला जागाच नाही. एक पेशी सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडते, आणि दीर्घायुषी प्रकारातली असेल तर विभाजन न करता, जागा न सोडता वर्षानुवर्षं सोडत राहते. तुमच्या अंगात गोवरविरुद्धची जी अँटीबॉडी आज आहे ती तुमच्या लहानपणी कामाला लागलेल्या असल्याच पेशींची आहे.

२००७ साली अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांनी, इयान अमाना आणि मार्क स्लिफ्का यांनी, ४५ लोकांचे साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, काहींचे तर २६ वर्षांपर्यंतचे. अँटीबॉडीची पातळी निम्मी व्हायला किती वर्षं लागतात ते काढलं. धनुर्वात ११ वर्षं, घटसर्प १९ वर्षं, कांजिण्या ५०, आणि गोवर, गालगुंड यांची २०० वर्षांच्या वर. म्हणजे गोवरच्या बाबतीत उतरणच जवळजवळ नाही. मुद्दा असा की प्रत्येक आजाराचा, प्रत्येक लसीचा उताराचा वेग ठरलेला दिसतो, आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातो. सुरुवातीला पातळी किती उंच गेली याच्याशी त्याचा फार संबंध नाही. लोक (आणि बातम्या देणारेही) नेमके इथंच चुकतात, लस दिल्यावर महिन्याभरात आकडा आकाशाला भिडला म्हणजे लस भारी असं धरून चालतात, तर तो आकडा बहुतेक अल्पायुषी पेशींचा असतो ज्या काही दिवसांत, आठवड्यांत मरणारच असतात.

प्लाझ्मा सेल झाली एक फळी. दुसरी फळी मेमरी सेलची. या काहीच सोडत नाहीत, गप्प बसून असतात, पण ओळखीचा जंतू परत दिसला की चार-सहा दिवसांत भराभर वाढून नव्यानं अँटीबॉडीचा पूर आणतात. आणि इथं जंतू किती वेळ देतो ते फार महत्त्वाचं ठरतं. गोवरला पुरळ यायला दोन आठवडे लागतात आणि त्याला आधी रक्तातून सगळ्या अंगभर पसरावं लागतं, म्हणजे मेमरी सेलला जागं व्हायला भरपूर वेळ मिळतो. हिपॅटायटिस बी तर दीड ते सहा महिने घेतो. पण फ्लू? एक ते चार दिवस. तो नाका-घशाच्या अस्तरात उतरतो, तिथंच वाढतो, तिथूनच दुसऱ्याकडे जातो, मेमरी सेल जाग्या होऊन तयारीला लागेपर्यंत तुम्हाला ताप येऊन गेलेला असतो. कोविडचं ओमिक्रॉननंतर तेच झालं. अशा आजारात संसर्गच होऊ द्यायचा नसेल तर नाकाच्या दारातच अँटीबॉडी हजर पाहिजे, आणि दंडात टोचलेल्या इंजेक्शननं रक्तात जेवढी येते त्यातली थोडीच तिथं पोचते.

आता फ्लू. इथं एक समज आहे की फ्लूची प्रतिकारशक्ती शरीर विसरतं. तर २००८ साली एक फार सुंदर अभ्यास आला होता, १९१८ ची महासाथ लहानपणी बघितलेले ३२ लोक, सगळे १९१५ किंवा त्याआधी जन्मलेले, म्हणजे नव्वदीच्या पुढचे. त्यांच्या रक्तात १९१८ च्या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या, काही जणांच्या रक्तातून त्या मेमरी सेलसुद्धा वेगळ्या काढता आल्या आणि त्यांच्यापासून बनवलेल्या अँटीबॉडींनी तो जुना व्हायरस निकामी केला. नव्वद वर्षांनी! तेव्हा शरीर विसरलेलं नसतं, फ्लूच दरवेळी वेगळा चेहरा घेऊन येतो. त्याचं वरचं प्रोटीन सतत बदलतं आणि त्याला तो बदल सोसतो. गोवरला सोसत नाही, त्याच्या बाहेरच्या प्रोटीनमध्ये जरा मोठा बदल झाला की त्याला पेशीत शिरणंच जमेनासं होतं, म्हणून १९५४ साली वेगळा काढलेला एडमन्स्टन नावाचा व्हायरस घेऊन बनवलेल्या लसी आजही चालतात.

पण फ्लूच्या लसीची म्हणून वेगळी अडचण आहेच. २०२० साली आलेल्या एका अभ्यासात पन्नासहून जास्त निरोगी लोकांनी फ्लूची लस घेण्याआधी, नंतर महिन्याभरानं आणि वर्षानं बोन मॅरो काढू दिला. (कमरेच्या हाडात सुई घालून मॅरो काढतात, भूल दिली तरी आतून ओढल्याचं दुखणं जाणवतंच, आणि हे लोक पुन्हापुन्हा आले. अशा स्वयंसेवकांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं.) दिसलं असं की लसीनंतर मॅरोमध्ये फ्लूविरुद्धच्या प्लाझ्मा सेल नव्यानं वाढल्या आणि वर्षभरात बहुतेक सगळ्या परत गायब झाल्या. म्हणजे दरवर्षीच्या डोसाला दोन कारणं आहेत, व्हायरस बदलतो हे एक, आणि आजची फ्लूची लस मॅरोमध्ये कायमचं बिऱ्हाड करणाऱ्या पेशी फारशा बनवत नाही हे दुसरं.

कोविडबद्दल २०२४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून जो अभ्यास आला तो मला सगळ्यात बोलका वाटतो. १९ लोक, एमआरएनए लस घेतलेले, काहींना मधे कोविड होऊनही गेलेला, लसीनंतर अडीच ते ३३ महिन्यांनी मॅरो तपासला. त्याच माणसांच्या त्याच मॅरोत धनुर्वाताच्या आणि फ्लूच्या दीर्घायुषी पेशी नीट सापडल्या (फ्लूच्या या आयुष्यभरच्या अनेक संसर्गांतून आणि लसींतून थोड्या थोड्या साठलेल्या असाव्यात), पण कोविडच्या जवळजवळ नाहीत. होत्या त्या अलीकडच्या, कच्च्या प्रकारच्या. बाकी कोविड होऊन गेलेल्यांत प्लाझ्मा सेल मॅरोपर्यंत पोचत होत्या, हे २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच सेंट लुईसच्या टीमनं दाखवलं होतं, पण पोचणं वेगळं आणि तिथं मुरून दीर्घायुषी होणं वेगळं.

म्हणजे कोविडची लस फुकट गेली का? अजिबात नाही, आणि हे मी अतिदक्षता विभागात दोन वर्षं काढून सांगतोय. लस घेतलेल्याला सर्दी-ताप होत होता, पण व्हेंटिलेटरपर्यंत जाणाऱ्यांत लस न घेतलेल्यांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. त्याचं कारण मेमरी सेल आणि टी सेल. टी सेल व्हायरसला दारात अडवत नाहीत, पण ज्या पेशीत तो शिरलाय ती पेशी शोधून मारतात, म्हणून आजार फुफ्फुसात पसरत नाही. आणि त्या व्हायरसचे फारसे न बदलणारे तुकडेही ओळखतात, म्हणून नवीन व्हेरिएंट आला तरी त्या पूर्ण फसत नाहीत. २००३ मध्ये सार्स झालेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनी, २०२० मध्ये, त्या व्हायरसविरुद्धच्या टी सेल सापडल्या. तेव्हा ‘लस उतरली’ असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, कशापासूनचं संरक्षण उतरलं? संसर्गापासूनचं लवकर उतरतं, गंभीर आजारापासूनचं खूप सावकाश. हे दोन वेगळे उतार आहेत आणि आम्ही डॉक्टरांनी सुरुवातीलाच लोकांना हे नीट सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं, सांगितलं असतं तर पुढचा अर्धा अविश्वास टळला असता.

आता खरा कठीण प्रश्न, काही लसी दीर्घायुषी पेशी बनवतात आणि काही नाही, असं का?

एक धागा मिळालाय तो आकाराचा. एचपीव्हीची लस घ्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. तिच्यात जिवंत व्हायरस नाही, नुसतं एक रिकामं टरफल, एकाच प्रोटीनच्या ३६० प्रती पाच-पाचच्या ७२ गुच्छांत रचलेल्या, एकदम घट्ट आणि शिस्तीत. बी सेल म्हणजे जिच्यापासून पुढं प्लाझ्मा सेल आणि मेमरी सेल बनतात ती पेशी, तिच्या अंगावर पकडायचे हात असतात, असा एकसारखा दाट नक्षीकाम केलेला पृष्ठभाग समोर आला की तिचे खूप हात एकाच वेळी अडकतात आणि तिला फार जोरदार संदेश जातो. कोरोनाव्हायरसचे काटे याउलट विरळ आणि देठावर डुलणारे. याच ओरेगॉनच्या संशोधकांचं म्हणणं आहे की पेशीचं आयुष्य या पहिल्या संदेशाच्या जोरावर ठरतं. एचपीव्हीच्या लसीनंतर अँटीबॉडी थोडी खाली येते आणि मग वर्षानुवर्षं सपाट रेषेत राहते, दहा वर्षांच्या वरचे आकडे आता हातात आहेत. आणि परिणाम? स्कॉटलंडमधला २०२४ चा अभ्यास बघा, ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी ही लस मिळाली त्यांच्यात पुढं गर्भाशयाच्या मुखाचा पसरलेला कॅन्सर एकही सापडला नाही. एकही नाही. मी विद्यार्थ्यांना हे सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

दुसरा धागा वेळेचा. लस टोचली की जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे दंडात घेतली तर काखेतल्या गाठीत, एक तात्पुरती शाळा भरते, तिला जर्मिनल सेंटर म्हणतात. तिथं बी सेल आपल्या अँटीबॉडीत छोटे छोटे बदल करत राहतात, ज्या नीट पकडतात त्या पुढच्या वर्गात, बाकीच्या मरतात. मेमरी सेल बऱ्याच सुरुवातीलाच बाहेर पडतात पण दीर्घायुषी प्लाझ्मा सेल शेवटी शेवटी, पक्क्या झाल्यावर. म्हणून शाळा जितकी जास्त दिवस चालेल तितकं बरं. आधी असं धरलं जायचं की हे काही आठवड्यांचं काम, पण कोविड लसीनंतर लोकांच्या काखेतल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढल्या तेव्हा कळलं की महिनोनमहिने चालू असतं. आणि २०२२ मध्ये माकडांवर एक प्रयोग झाला, एकदम डोस देण्याऐवजी तोच डोस बारा दिवसांत वाढत्या मात्रेनं सात वेळा विभागून दिला, कारण खऱ्या संसर्गात जंतू असाच हळूहळू वाढत जातो. तर जर्मिनल सेंटर सहा महिन्यांच्या वर टिकलं. आता बारा दिवसांत सात सुया कोणी घेणार नाही हे उघड आहे, म्हणून दोनच डोसांत, पहिला लहान आणि आठवड्यानं मोठा, असं करता येईल का, किंवा अंगात हळूहळू सुटत राहणारी लस बनवता येईल का यावर काम चाललंय. गोवर, पिवळा ताप यांच्या जिवंत लसी टिकतात त्याचं एक कारण हेच, त्या अंगात काही दिवस स्वतः वाढतात आणि खऱ्या आजाराची हुबेहूब रंगीत तालीम करून घेतात.

तिसरा धागा अगदी अनपेक्षित, प्लेटलेटचा. जानेवारी २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या बाली पुलेंद्रन यांच्या टीमनं बर्ड फ्लूची लस घेतलेल्या ५० जणांचं रक्त पहिल्या शंभर दिवसांत पुन्हापुन्हा तपासलं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती जास्त टिकणार होती त्यांच्या रक्तात प्लेटलेटमधल्या आरएनएची एक ठरावीक खूण आधीच दिसली. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचा लसीशी काय संबंध? तर प्लेटलेट ज्या मोठ्या पेशीपासून तुटून बनतात त्या मेगाकॅरिओसाइट बोन मॅरोतच राहतात, आणि प्लाझ्मा सेलच्या शेजारी बसून त्यांना जगायला लागणारे संदेश पुरवतात. शेजार चांगला असेल तर पेशी टिकते, असं साधं आहे. उंदरांमध्ये या पेशी औषधानं वाढवल्या तर अँटीबॉडी जास्त टिकली. मग याच खुणेनं सात वेगवेगळ्या लसी घेतलेल्या २४४ लोकांमध्येही टिकाऊपणाचा अंदाज बांधता आला. हे पक्कं होत गेलं तर लस किती वर्षं टिकेल हे कळायला दहा वर्षं थांबावं लागणार नाही, काही दिवसांतच अंदाज येईल. मला यात फार मोठी आशा दिसते, कारण आज टिकाऊपणावर संशोधन कमी होतं त्याचं मुख्य कारणच हे आहे की निकाल हातात यायला माणसाची अर्धी नोकरी संपते.

डांग्या खोकल्याचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही कारण तिथं आपण टिकाऊपणा हातानं घालवला. जुनी लस म्हणजे अख्खा मारलेला जंतू. काम चांगलं करायची पण ताप, सूज, रडरड फार, पालक घाबरायचे, म्हणून १९९० च्या दशकात बऱ्याच श्रीमंत देशांनी नवीन लस आणली, जंतूचे फक्त दोन-चार शुद्ध तुकडे. मुलांना त्रास कमी झाला. पण २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातून जो अभ्यास आला त्यात पाचव्या डोसानंतर दर वर्षी डांग्या खोकला व्हायची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत जाते असं दिसलं. मग बबून माकडांवर बघितलं तर नवीन लस दिलेली माकडं आजारी पडत नव्हती पण जंतू त्यांच्या घशात आठवडेच्या आठवडे राहत होता आणि सोबत ठेवलेल्या, लस न दिलेल्या माकडांत जात होता. आजार थांबला, प्रसार नाही. आता त्यावर दोन बाजूंनी तोड काढलीय, एक म्हणजे गरोदरपणात आईला लस देणं, इंग्लंडनं हे २०१२ मध्ये सुरू केलं आणि अगदी तान्ह्या बाळांमधला ९० टक्क्यांच्या आसपास आजार टळला, आणि दुसरं नाकातून द्यायची कमजोर केलेल्या जिवंत जंतूची लस, ती चाचण्यांमध्ये आहे. जुनी लस वाईट होती किंवा नवीन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तान्ह्या बाळाचा डांग्या खोकला ज्यानं एकदा बघितलाय, खोकता खोकता निळं पडून श्वास थांबलेलं बाळ, तो कुठल्याही लसीला नावं ठेवणार नाही. पण एका बाजूला काही मिळवलं की दुसरीकडे काय सुटतंय ते मोजत राहायला पाहिजे, ते तेव्हा पुरेसं मोजलं गेलं नाही.

कंपन्यांबद्दल. कंपन्यांना पैसा हवा असतो हे खरंच आहे आणि संशय घेणं चूक नाही. पण गेल्या पंधरा वर्षांत डोस कमी केल्याची उदाहरणं बघा. पिवळ्या तापाची लस, मॅक्स थायलरनं १९३७ मध्ये बनवलेली, प्रवासासाठी दर दहा वर्षांनी घ्यावी लागायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये सांगितलं की एकच डोस जन्मभर पुरतो आणि जुलै २०१६ पासून तो दाखला आयुष्यभर चालतो. एचपीव्हीचे तीन डोस होते, मग दोन झाले, केनियातल्या चाचणीत एका डोसानंच दीड वर्षात मुख्य दोन प्रकारांपासून ९७ टक्क्यांच्या वर संरक्षण दिसलं आणि २०२२ मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य झाला. धनुर्वाताचं, लहानपणापासून पौगंडावस्थेपर्यंत सहा डोस पुरे झाले तर पुढं दर दहा वर्षांनी घ्यायलाच पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही, काही देश अजून दहा वर्षांचा नियम पाळतात एवढंच. (जखम झाल्यावर मात्र डॉक्टर म्हणतील ते ऐका, तिथं हिशोब वेगळा असतो. आणि धनुर्वात होऊन बरं झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते, कारण ते विष इतकं जहाल असतं की आजार होण्याएवढी मात्रा शरीराला ओळख पटायला पुरत नाही.) यातल्या प्रत्येक निर्णयानं माणसामागं लागणारे डोस कमीच झाले.

आता तुमचा तो १० च्या खालचा आकडा. (या टेस्टमध्ये १० किंवा त्यावर असेल तर संरक्षण आहे असं धरतात.)

माझ्याकडे एकदा एक तरुण नर्स आली होती, ड्युटीवर सुई टोचलेली, पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. तिचा रिपोर्ट आला ४. तिच्या हातात तो कागद थरथरत होता, आपल्याला कावीळ होणार, लग्न ठरलंय, सगळं संपलं असंच तिनं धरलेलं. मी तिला लसीची जुनी फाइल शोधायला लावली. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या डोसानंतर केलेली टेस्ट त्यात होती, आकडा ३०० च्या वर. मी तिला म्हटलं बाळा, तू सुरक्षित आहेस, नियमाप्रमाणे तुला काही द्यायची गरजच नाही. तरी तिचा जीव शांत होईना म्हणून एक डोस दिला आणि दोन आठवड्यांनी परत मोजलं, १००० च्या वर. ४ वरून १००० हे नवीन शिकलेल्या शरीराला इतक्या लवकर जमत नाही, ते आठवणीतूनच येतं. पुढच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. अलास्कामध्ये लस घेतलेल्यांना ३० वर्षांनी तपासलं तेव्हाही हेच दिसलं, निम्म्याच लोकांचा आकडा १० च्या वर राहिला होता पण उरलेल्यांपैकी बहुतेकांचा एका डोसात उसळून वर गेला. या आजारात जंतू दीड महिना तरी देतोच, मेमरी सेलला आठवडा पुरतो.

तेव्हा तुमची लस वाया गेली असं हा आकडा सांगत नाही. पण तुम्ही रक्त हाताळायच्या कामात जाताय म्हणून एवढं करा. लहानपणचे सगळे डोस झाल्याची नोंद शोधा. त्या डोसांनंतर कधीतरी टेस्ट होऊन आकडा १० किंवा त्यावर आल्याचा कागद असेल तर विषय संपला, परत परत टेस्ट करू नका. तसा कागद नसेल, आणि लहानपणी घेतलेल्यांकडे तो सहसा नसतोच, तर एक डोस घ्या आणि एक ते दोन महिन्यांनी मोजा. १० च्या वर गेला की झालं, तो रिपोर्ट नोकरीच्या फाइलला लावून ठेवा. नाही गेला तर उरलेले दोन डोस पूर्ण करून पुन्हा मोजायचं. तरीही नाही आला, असे थोडेच लोक असतात, तर सुई टोचल्यावर लगेच तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन लागेल हे स्वतःला आणि वरिष्ठांना माहीत असू द्या. डायलिसिसवर असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले यांचा नियम वेगळा, त्यांना दरवर्षी मोजून डोस द्यावा लागतो. बाकी कोविडच्या किंवा फ्लूच्या अँटीबॉडीचा आकडा बघून बूस्टर ठरवायला मी कोणालाच सांगत नाही, तिथं वय आणि आजार बघून ठरवायचं असतं.